ऑफिसातून निघालेला ब्रँडेड पीसी: मदरबोर्डला कुलूप असताना वेग कसा वाढवायचा

मोठी ऑफिसं काही वर्षांनी आपले पीसी एकगठ्ठा बदलतात. निघालेली मशीनं झाडूनपुसून रिफर्बिश्ड म्हणून लॅमिंग्टन रोडला, नेहरू प्लेसला किंवा ऑनलाइन विकायला येतात. डेलचे ऑप्टिप्लेक्स, एचपीचे एलिटडेस्क, लेनोवोचे थिंकसेंटर. मुलांच्या अभ्यासाला, दुकानाच्या हिशेबाला, थोड्याफार व्हिडिओ एडिटिंगला आणि गेमिंगला आज हजारो घरांत हीच मशीनं चालतात. घरी आणल्यावर दोन-तीन महिन्यांनी प्रश्न येतो तो ठरलेला: ‘हा ओव्हरक्लॉक करता येईल का?’ म्हणजे प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवता येईल का?

बहुतेक वेळा नाही. आणि तरीही याच मशीनचा वेग तुम्हाला रोज जाणवेल इतका वाढवता येतो, कारण ते अडतं ते सहसा प्रोसेसरच्या घड्याळापाशी, म्हणजे त्याच्या गिगाहर्ट्झपाशी, अडत नाही. जुनी हार्ड डिस्क, एकच रॅम, प्रोसेसरची उष्णता वाहून नेणारी पण वाळून गेलेली पेस्ट आणि साचलेली धूळ यांच्यापाशी अडतं. पैसा कुठे घालायचा आणि कुठे अजिबात घालायचा नाही, हे क्रमाने सांगतो. उदाहरणाला डेल ऑप्टिप्लेक्स ९०२० घेतो. २०१३ चं हे मॉडेल बाजारात भरपूर दिसतं, आणि ब्रँडेड पीसीत जेवढी कुलपं असतात त्यातली बहुतेक याच्यात आहेत.

आधी कुलूप कुठे आहे ते समजून घ्या

प्रोसेसरचा वेग दोन आकड्यांच्या गुणाकारातून येतो: बेस क्लॉक आणि मल्टिप्लायर. बेस क्लॉक १०० मेगाहर्ट्झ आणि मल्टिप्लायर ३६, म्हणजे ३.६ गिगाहर्ट्झ. ओव्हरक्लॉक करायचं म्हणजे या दोनपैकी एक आकडा वाढवायचा.

इंटेलच्या जुन्या कोअर २ डुओ प्रोसेसरांच्या काळात मल्टिप्लायर बंद असला तरी बसचा, म्हणजे प्रोसेसर आणि बोर्ड यांना जोडणाऱ्या रस्त्याचा, वेग वाढवता यायचा. ब्रँडेड मशीनच्या बायोसमध्ये (मशीन सुरू होताना आधी चालणारं बोर्डवरचं सॉफ्टवेअर) सोय नसली तर लोक प्रोसेसरच्या खालच्या एका ठिपक्यावर चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावायचे. मदरबोर्डला वाटायचं की हा वरच्या बसचा प्रोसेसर आहे. पेंटियम ई२१६० चा मल्टिप्लायर ९. त्याची बस २०० वरून २६६ झाली की १.८ चा प्रोसेसर २.४ गिगाहर्ट्झवर पळायचा. त्या दिवसांच्या कहाण्या अजून फिरतात, म्हणून आजही लोक तसला उपाय शोधत बसतात.

२०११ मध्ये इंटेलची सँडी ब्रिज ही प्रोसेसरची पिढी आली आणि हा रस्ता बंद झाला. बेस क्लॉक चिपसेटच्या, म्हणजे बोर्डचा कारभार बघणाऱ्या चिपच्या, पोटात गेला आणि त्याच्यावरच पीसीआय एक्सप्रेस (कार्डांचे स्लॉट), साटा (डिस्कची जोडणी), यूएसबी सगळं चालू लागलं. तो १०० चा १०४-१०५ केला की डिस्कवर चुकीचं लिहिलं जाण्याचा, यूएसबी बंद पडण्याचा धोका. म्हणजे सोय असती तरी तीन-पाच टक्क्यांपलीकडे काही मिळत नव्हतं. राहिला मल्टिप्लायर. तो ‘के’ अक्षर असलेल्या प्रोसेसरमध्येच मोकळा असतो आणि बदलायला झेड मालिकेचा चिपसेट लागतो. ९०२० मध्ये आहे क्यू८७, ऑफिससाठी बनवलेला. २०१३ मध्ये काही मदरबोर्ड कंपन्यांनी स्वस्त चिपसेटवरही मल्टिप्लायर मोकळा करून दिला होता. इंटेलने मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतलं सॉफ्टवेअर, अपडेट करून तो बंद केला. २०१५ च्या शेवटी स्कायलेक पिढीवर, यावेळी बेस क्लॉकच्या बाबतीत, असंच पुन्हा घडलं आणि २०१६ च्या सुरुवातीला तेही बंद झालं.

मग आय७-४७९०के विकत घेऊन यात बसवला तर? बायोसमध्ये मल्टिप्लायरचा पर्यायच नाही. वर त्याची उष्णता ८८ वॅट, आणि हे मशीन ८४ वॅटच्या प्रोसेसरांसाठी बनलंय. ‘के’साठी जास्तीचे मोजलेले पैसे वाया जातात.

बदललेला बायोस टाकण्याचा विचार डोक्यात असेल तर तोही सोडा. हॅसवेल पिढीपासून (९०२० चीही हीच पिढी) इंटेलने बूट गार्ड आणलं. कंपनीने ते चालू ठेवलेलं असेल तर कंपनीच्या सहीशिवायचा बायोस बोर्ड घेतच नाही, आणि चांगलं चालणारं मशीन टेबलावर मेलेलं पडतं.

एक खरा अपवाद आहे. एचपी झेड४२० सारख्या जुन्या वर्कस्टेशनमध्ये झिऑन ई५-१६५० व्ही२ येतो. सहा कोअर, आणि मल्टिप्लायर मोकळा. तिथे इंटेलच्या स्वतःच्या ट्यूनिंग युटिलिटीतून विंडोजमध्ये बसून वेग वाढवता येतो. ओव्हरक्लॉकचीच हौस असेल तर ऑप्टिप्लेक्सशी झटापट करण्यापेक्षा असं वर्कस्टेशन शोधा. एएमडीवाल्यांसाठी एवढंच: रायझन बहुतेक मोकळे असतात, पण ए३२० चिपसेटवर ओव्हरक्लॉक होत नाही, आणि ब्रँडेड मशीनमध्ये बऱ्याचदा तोच निघतो.

स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी मोजमाप

आपल्याकडे अख्ख्या डब्यालाच सीपीयू म्हणतात. त्यामुळे ‘सीपीयू स्लो झालाय’ असं ऐकून लोक प्रोसेसर बदलायला निघतात. आधी दोष कुठे आहे ते बघा.

टास्क मॅनेजर उघडा आणि रोजचं काम रोजच्यासारखं करा. डिस्क सतत १०० टक्क्यांवर चिकटली असेल तर दोष डिस्कचा. मेमरी ८५-९० टक्क्यांवर असेल तर रॅमचा. प्रोसेसर शंभरावर असेल तरच प्रोसेसरचा. त्यानंतर एचडब्ल्यूइन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर लावा आणि प्रोसेसरला पूर्ण ताण देणारी सिनेबेंच ही चाचणी दहा मिनिटं चालवा. तापमान आणि गिगाहर्ट्झ या दोन आकड्यांवर नजर ठेवा. समजा तुमच्यात आय५-४५७० आहे. त्याचा मूळ वेग ३.२ आणि टर्बो, म्हणजे गरजेला आपोआप चढणारा वेग, ३.६ गिगाहर्ट्झ. भाराखाली तो ३.२ च्याही खाली घसरत असेल आणि तापमान शंभर अंशांजवळ असेल, तर प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतोय. अशा मशीनला नवा प्रोसेसर लागत नाही. जो आहे त्याचाच गमावलेला वेग परत मिळवायचा आहे.

आकडे वहीत लिहून ठेवा. प्रत्येक बदलानंतर पुन्हा तीच चाचणी घ्या. हे न करता चार गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने फरक पडला आणि कशाने मशीन अडखळायला लागलं, दोन्ही कळत नाही.

पुढचं काम सर्व्हिस टॅगचं. कॅबिनेटवरच्या स्टिकरवर तो असतो. डेलच्या सपोर्ट साइटवर टाकला की मशीन बाहेर पडलं तेव्हा त्यात काय होतं ते दिसतं आणि सर्व्हिस मॅन्युअल मिळतं. ते डाउनलोड करा. त्यात कोणता स्लॉट काय पेलतो आणि दिवा कसा लुकलुकला की काय बिघडलंय, हे सगळं छापलेलं असतं.

चालू करताना एफ२ दाबून बायोसमध्ये जा. ऑफिसातून आलेल्या मशीनला तिथे कधी कधी पासवर्ड निघतो. विकणाऱ्याकडून तो काढून घ्या. नाहीतर या पिढीच्या ऑप्टिप्लेक्सच्या बोर्डवर पीएसडब्ल्यूडी असं लिहिलेला जंपर असतो, तो कसा वापरायचा ते मॅन्युअलमध्ये आहे. इथेच घड्याळ आणि तारीखही तपासा. तारीख मागे गेलेली असेल तर बोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलाय. दहा वर्षांच्या मशीनचा तो बहुतेक संपलेलाच असतो. किराणा दुकानातही मिळणारा हा सेल बदलला नाही तर बायोसची सेटिंगं उडतात, आणि तारीख चुकल्याने ब्राउझर प्रत्येक साइटवर सुरक्षिततेचा इशारा देत राहतो.

पहिला खर्च एसएसडीवर

बजेटमध्ये एकच वस्तू बसत असेल तर ती हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान एसएसडी असू द्या. ९०२० मध्ये एम.२ (एसएसडी थेट बोर्डवर बसवायचा) स्लॉट नाही, त्यामुळे अडीच इंची साटा एसएसडी घ्या. ती सेकंदाला साधारण ५५० एमबी वाचते. हार्ड डिस्क सलग फाइल शंभर-दीडशेने वाचते, पण विंडोज सुरू होताना हजारो छोट्या फाइली इकडून तिकडून उचलायच्या असतात, आणि तिथे हार्ड डिस्कचा वेग सेकंदाला एक एमबीपर्यंत खाली येतो. मशीन ‘हँग’ होतं ते इथे.

बसवायला फार काही नाही. मिनीटॉवरमध्ये साडेतीन इंची जागेचा ब्रॅकेट मिळतो. नाही मिळाला तर दुहेरी चिकटपट्टीनेही चालतं, कारण एसएसडीत काहीच फिरत नाही. लक्ष द्यायचं ते वायरकडे. बऱ्याच ब्रँडेड मशीनमध्ये डिस्कला वीज एसएमपीएसमधून, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्यातून, येत नाही, मदरबोर्डवरच्या एका छोट्या प्लगमधून येते. आहे त्या वायरीवर जोडणी मोकळी आहे का ते एसएसडी मागवण्याआधी बघा.

बायोसमध्ये डिस्कशी कसं बोलायचं ते ठरवणारा ‘साटा ऑपरेशन’ नावाचा पर्याय आहे. डेल तो बहुधा ‘रेड ऑन’वर ठेवून पाठवतं. विंडोज नव्याने टाकणार असाल तर आधी ‘एएचसीआय’ करा आणि मग टाका. जुनी विंडोज तशीच क्लोन करणार, म्हणजे जशीच्या तशी एसएसडीवर उतरवणार असाल तर तो पर्याय सरळ बदलू नका, निळा पडदा येईल. आधी एमएसकॉन्फिगमध्ये सेफ बूटची खूण करा, रीस्टार्ट करून बायोसमध्ये एएचसीआय निवडा, विंडोज सेफ मोडमध्ये उघडली की खूण काढा आणि पुन्हा रीस्टार्ट करा. सेफ मोडमध्ये विंडोज लागणारा ड्रायव्हर स्वतः उचलते.

जुनी हार्ड डिस्क फोटो आणि सिनेमांसाठी राहू द्या. पण क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये तिच्या तब्येतीपुढे ‘कॉशन’ दिसलं तर त्याच दिवशी सगळं दुसरीकडे उतरवा.

रॅम: जोडीने घ्या, आणि स्वस्त दिसली म्हणून घेऊ नका

९०२० ला डीडीआर३-१६०० लागते. चार स्लॉट, जास्तीत जास्त ३२ जीबी, म्हणजे ८ जीबीच्या चार पट्ट्या. घरच्या कामाला ८ च्या दोन, एकूण १६ जीबी, पुरेशा.

एकाच ८ जीबीच्या पट्टीवर चालणारं मशीन अर्ध्या रस्त्याने चालत असतं. डीडीआर३-१६०० चा एक चॅनेल सेकंदाला १२.८ जीबी वाहून नेतो, दोन चॅनेल २५.६. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर प्रोसेसरमधलं ग्राफिक्स हीच रॅम वापरतं, त्यामुळे दुसरी पट्टी घातल्याचा फरक गेम आणि व्हिडिओत लगेच दिसतो. कोणते दोन स्लॉट एका जोडीचे ते क्लिपच्या रंगावरून कळतं.

आता फसवणुकीचा भाग. बाजारात ८ जीबी डीडीआर३ विलक्षण स्वस्तात दिसते तेव्हा ती बहुतेक दोनपैकी एक असते. एक, सर्व्हरमधून काढलेली रजिस्टर्ड ईसीसी. ती या बोर्डवर चालत नाही. दोन, फक्त एएमडीच्या बोर्डवर चालणारी जास्त घनतेची. मला एका दुकानात अशीच एक पट्टी ‘सगळ्यात चालते’ म्हणून मिळाली. घरी येऊन बसवली, बटण दाबलं, पंखा फिरला, दिवा पिवळा लुकलुकायला लागला आणि पडदा काळाच. दोन संध्याकाळी मी स्लॉट पुसण्यात, पट्ट्या अदलाबदल करण्यात घालवल्या. जुनी पट्टी एकटी लावली की मशीन सुरू, नवी लावली की बंद. नंतर पट्टीच्या दोन्ही बाजूंच्या चिप मोजल्या, त्यांवरचे नंबर शोधले, तेव्हा उलगडा झाला. तेव्हापासून मी विकणाऱ्याला मशीनचं मॉडेल सांगून ‘नाही चालली तर परत’ हे पावतीवर लिहून घेतो.

पट्टी बसवताना दोन्ही बाजूंनी अंगठ्याने सारखा दाब द्या. क्लिप आपोआप ‘टक’ करून मिटली पाहिजे. मशीन सुरू झालं तरी मेमटेस्ट८६ रात्रभर चालवा. एक जरी चूक दाखवली तर ती पट्टी परत करा. सदोष रॅम फाइली हळूहळू खराब करत राहते आणि तुम्हाला महिनाभर पत्ता लागत नाही.

धूळ, पेस्ट आणि आपला उन्हाळा

या कामाला सगळ्यात कमी पैसे लागतात, आणि सगळ्यात जास्त टाळलंही हेच जातं. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात खोलीबाहेर ४५ अंश असतं. घरात ३८ असलं तरी प्रोसेसरला थंड करायला ३८ अंशांचीच हवा मिळते. बंदिस्त एसी ऑफिसात २४ अंशांच्या हवेवर दहा वर्षं काढलेलं मशीन इथे येऊन धापा टाकायला लागतं, यात नवल नाही. कोकणात आणि गोव्यात त्रास वेगळा: दमट खारी हवा. तिथे रॅमच्या सोनेरी दातांवर मळकट थर चढतो. साध्या पांढऱ्या खोडरबराने हलकेच घासून, ब्रशने कण झटकून पट्टी परत बसवा.

धूळ काढताना ब्लोअर मारत असाल तर पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. हवेने ते सुसाट फिरलं तर बेअरिंग जातं.

पेस्ट बदलायची असेल तर मशीन दहा मिनिटं चालवून मग बंद करा, म्हणजे जुनी पेस्ट थोडी मऊ होते. वायर काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा, कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावा. पंख्याचा प्लग काढा. हीटसिंकचे (प्रोसेसरवरच्या थंड करणाऱ्या धातूच्या ठोकळ्याचे) चार स्क्रू एकदम एक-एक पूर्ण काढू नका. समोरासमोरचे थोडे-थोडे सैल करत जा. मग हीटसिंक वर न ओढता आधी डावी-उजवीकडे किंचित फिरवा. चिकटलेली पेस्ट सुटल्याचं हाताला कळतं. खाली जे दिसतं ते बहुतेक वाळलेल्या चुन्यासारखं असतं: पांढरं, भेगाळलेलं, नखाने खपली निघेल असं. यातून उष्णता काय जाणार!

आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापड किंवा कॉफी फिल्टर घेऊन दोन्ही पृष्ठभाग आरशासारखे होईपर्यंत पुसा. नवी पेस्ट वाटाण्याच्या दाण्याएवढी, मधोमध. पसरवत बसू नका, हीटसिंकचा दाब ती पसरवतो. स्क्रू पुन्हा समोरासमोर, थोडे-थोडे.

बाहेरचा मोठा कूलर लावायची इच्छा होईल, पण दोन अडचणी आहेत. ब्रँडेड मशीनमध्ये हीटसिंकचे स्क्रू बऱ्याचदा बोर्डखालच्या पत्र्यातल्या खुंट्यांमध्ये जातात, त्यामुळे बाजारातल्या कूलरची पट्टी बसवायला बोर्ड बाहेर काढावा लागतो. आणि काही डेल बोर्डांवर पंख्याचा प्लग पाच पिनांचा असतो. बाजारातल्या चार पिनांच्या पंख्याशी त्याचा क्रम जुळत नाही, अडॅप्टर लागतो. बोर्डला पंखा दिसला नाही तर प्रत्येक वेळी सुरू होताना पंखा बंद असल्याची तक्रार करून ते एफ१ दाबायला सांगतं. मूळ हीटसिंक स्वच्छ करून नवी पेस्ट लावली की ८४ वॅटला ते पुरतं.

प्रोसेसर बदलणं

इथवर येऊनही प्रोसेसर कमी पडत असेल, म्हणजे व्हिडिओ रेंडर होताना चारही कोअर शंभरावर असतील, तर हा बदल करण्यासारखा आहे. ९०२० चा सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसतो ती जागा, एलजीए ११५०. आय५-४५७० ला चार कोअर आणि चार थ्रेड (एकाच वेळी हाताळता येणारी कामं). त्याच सॉकेटात आय७-४७७० बसतो: चार कोअर, आठ थ्रेड, ३.४ आणि टर्बो ३.९. आय७-४७९० चा वेग ३.६ आणि टर्बो ४.०. दोन्ही ८४ वॅटचेच, म्हणून हीटसिंक आणि एसएमपीएस बदलावे लागत नाहीत. ओव्हरक्लॉकने जे हवं होतं त्यातलं बरंचसं इथेच हाती येतं, तेही कंपनीच्या मर्यादेत राहून. नावाच्या शेवटी ‘एस’ किंवा ‘टी’ असलेले कमी विजेचे आहेत, घेताना अक्षर नीट वाचा.

आधी बायोस अद्ययावत करा, मगच प्रोसेसर बदला. ४७९० ही नंतरची आवृत्ती आहे, जुना बायोस तिला ओळखेलच असं नाही. डेलच्या साइटवरून तुमच्या मॉडेलचा शेवटचा बायोस पेन ड्राइव्हवर घ्या आणि एफ१२ दाबून आलेल्या यादीतून फ्लॅश करा. हे काम यूपीएसवरच करा. आपल्याकडची वीज कधी जाईल सांगता येत नाही, आणि फ्लॅश होताना गेली तर बोर्ड परत उठणं कठीण.

हीटसिंक वरच्यासारखंच काढा. सॉकेटची तार खाली दाबून बाजूला सरकवा आणि वर उचला, झाकण उघडेल. जुना प्रोसेसर कडा धरून सरळ वर घ्या. सॉकेटमधल्या केसासारख्या पिनांना बोट, कापड, पेस्ट काहीही लागू देऊ नका. ११५० पिनांतली एक वाकली तरी एक रॅम चॅनेल किंवा अख्खा बोर्ड जाऊ शकतो. नव्याच्या दोन खाचा सॉकेटच्या दोन उंचवट्यांशी जुळवून तो नुसता ठेवा, दाबू नका. तार खाली आणताना जोर लागतो आणि ‘कर्र’ असा आवाज येतो. पहिल्यांदा काळजात धस्स होतं, पण तो आवाज व्हायलाच हवा.

पहिल्या वेळी मशीन एक-दोनदा आपणहून बंद-चालू होऊ शकतं. मग बायोसमध्ये जाऊन टर्बो बूस्ट आणि हायपरथ्रेडिंग चालू आहे ना बघा. ऑफिसच्या आयटीवाल्यांनी कधी कधी दोन्ही बंद ठेवलेलं असतं. खरं तर हे प्रोसेसर विकत घेण्याआधीच बघायला हवं, कारण एवढ्या एका खुणेनेही हरवलेला वेग परत येतो.

रायझन प्रो असलेल्या ब्रँडेड मशीनसाठी एक इशारा: काही कंपन्यांच्या बोर्डांवर तो प्रोसेसर एकदा चालला की त्याच कंपनीशी कायमचा बांधला जातो. सुटा सेकंडहँड रायझन प्रो घेताना तो कुठून निघालाय हे विचारा.

ग्राफिक्स कार्ड आणि विजेचा हिशेब

मिनीटॉवर ९०२० मध्ये २९० वॅटचा एसएमपीएस येतो. प्रोसेसरला ८४, बोर्ड-रॅम-डिस्क-पंखे मिळून साधारण ४०, आणि ग्राफिक्स कार्डला स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५. बेरीज दोनशेच्या आसपास, म्हणजे बसतं. पण कार्डाला देण्यासाठी सहा पिनांची वेगळी वायर यात नाही. म्हणून नियम साधा: ज्या कार्डाला वेगळी वायर लागत नाही तेच घ्या. साटाच्या प्लगमधून सहा पिन काढून देणारे अडॅप्टर मिळतात, त्यांना हात लावू नका. तो प्लग एवढा प्रवाह वाहायला बनलेला नाही, वितळतो.

जीटीएक्स १०५० टीआय आणि जीटीएक्स १६५० यांना ७५ वॅट पुरतात, पण याच नावाने सहा पिन मागणारी कार्डंही बाजारात आहेत, फोटो बघून खात्री करा. आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीवालं ७० वॅटचं. आरएक्स ६४०० फक्त ५३ वॅट घेतं, पण ते स्लॉटच्या चारच लेनवर (माहितीच्या मार्गांवर) चालतं आणि पीसीआय एक्सप्रेस ४.० साठी बनलंय. ९०२० च्या ३.० स्लॉटवर त्याचा रस्ता निम्मा होतो. इंटेलच्या आर्क कार्डांना पूर्ण वेगासाठी रीसाइझेबल बार नावाची बायोसमधली सोय लागते, ती या पिढीच्या मशीनला नाही, त्यामुळे ही कार्डं टाळा. जीटी १०३० घेणारच असाल तर जीडीडीआर५ वालं. डीडीआर४ वालं त्याच नावाने विकलं जातं आणि कितीतरी हळू आहे.

एसएफएफ म्हणजे बुटक्या कॅबिनेटमध्ये अर्ध्या उंचीचंच कार्ड बसतं. तिथे स्लॉट पूर्ण ७५ वॅट देतो का ते मॅन्युअलमध्ये आधी वाचा. मिनीटॉवरमध्येही कार्डाची लांबी आतली जागा पट्टीने मोजून मगच ठरवा. अजून एक गोष्ट घरी येईपर्यंत लक्षात येत नाही: जुने मॉनिटर व्हीजीएचे असतात, नव्या कार्डांना व्हीजीए नसतं, आणि साधी बदल-पिन चालत नाही. सिग्नल बदलून देणारा अ‍ॅक्टिव्ह अडॅप्टर घ्या.

मोठा एसएमपीएस घालून मोठं कार्ड लावायचा विचार असेल तर मुख्य प्लग बघा. बाजारातल्या एसएमपीएसला २४ पिनांचा प्लग असतो. ऑप्टिप्लेक्स ७०१० ला तोच चालतो, ९०२० ला ८ पिनांचा लागतो. एलिटडेस्क ८०० जी१ ला ६ पिनांचा, थिंकसेंटर एम९३पी ला १४ पिनांचा. बदलणाऱ्या वायरी मिळतात. पण ८ पिनांचा प्लग दिसतो ग्राफिक्स कार्डाच्या प्लगसारखा आणि त्यातल्या जोडण्या पूर्ण वेगळ्या आहेत. जोर लावून भलतं काही बसवलं तर बोर्ड जळतो. नव्या एसएमपीएसचे, वायरीचे आणि मोठ्या कार्डाचे पैसे एकत्र मोजा. तेवढ्यात बहुतेक वेळा पुढच्या पिढीचं मशीन येतं.

शेवटची खूण: विंडोज

विंडोज १० ची नेहमीची अपडेटं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. ९०२० चौथ्या पिढीचं आहे. म्हणून माझं मत स्पष्ट आहे. मशीन घरात आधीपासून असेल तर एसएसडी, रॅम, पेस्ट एवढं जरूर करा आणि विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकून बघा. ब्राउझर, लिब्रेऑफिस, मराठी टायपिंग, मुलांचे ऑनलाइन वर्ग सगळं त्यावर नीट चालतं. प्रोसेसर स्वस्तात मिळाला तर तोही. पण मशीन अजून घ्यायचंच असेल तर आठव्या पिढीचं रिफर्बिश्ड घ्या. ते एवढ्याच कुलपांसह येईल, पण आय५-८५०० मध्ये खरे सहा कोअर आहेत.

एक सांगायचं राहिलं. मदरबोर्डच बदलून झेड मालिकेचा टाकावा असं काही जण सुचवतात. ब्रँडेड कॅबिनेटच्या पुढच्या बटणाचा प्लग आणि यूएसबीच्या वायरी बाहेरच्या बोर्डशी सहसा जुळत नाहीत, मागची पट्टी पत्र्यालाच कायमची जोडलेली असते, आणि विंडोजचं लायसन्स बोर्डशी बांधलेलं असल्याने तेही जातं. कॅबिनेट, एसएमपीएस, बोर्ड, विंडोज सगळं नवं घ्यावं लागत असेल तर जुना ऑप्टिप्लेक्स आहे तसा स्वच्छ करून घरातल्या लहानग्याला द्या आणि नवा पीसी वेगळा जुळवा.